कूस बदलली की वाट मोकळी होते

भाकऱ्या उरकून, मुलांना जेवायला वाढून आता कुठे निवांत बसला असाल. आजचा विषय आपण चारचौघींत काढत नाही. गटाच्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणते, "परसाकडला रक्त पडतंय गं." दुसरी लगेच सांगते, "उष्णता झाली असेल, सब्जा खा. नाहीतर मूळव्याध असेल." आणि महिने निघून जातात.

मी दवाखान्यात सिस्टर आहे. दुर्बिणीच्या तपासणीच्या खोलीत बरीच वर्षे काम करते. मोठे आतडे आतून बघायच्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. बोटाएवढी जाड, वळणारी नळी असते. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. ती गुदद्वारातून आत सरकवतात.

एकदा एक मावशी आल्या. सहा महिने रक्त जात होते. मी त्यांना डाव्या कुशीवर निजवले, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. तपासणी सुरू झाली. अर्ध्या वाटेत डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता उताण्या व्हा." मावशींनी चादर घट्ट धरली. "नको, मला नाही जमायचं. बंद करा हे." त्या लाजेने रडत होत्या. चूक माझी होती. मध्येच कूस बदलावी लागते, हे मी त्यांना आधी सांगितलेच नव्हते. म्हणून आज तुम्हाला सांगते.

आपले मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. पोटात ते सरळ नसते. उजवीकडून वर जाते, मग आडवे होते, डावीकडून खाली येते आणि शेवटी नागमोडी वळण घेते. नळीला हीच वाट उलट्या दिशेने चढायची असते. परकरात नाडी ओवताना काय होते आठवा. कापड गोळा होते, पिन अडते. मग आपण जोर करत नाही. कापड सारखे करतो, थोडे मागे ओढतो, की पिन पुढे सरकते. इथेही तसेच. आतडे ताणले, वेटोळे पडले की पोटात कळ येते. अशा वेळी डॉक्टर नळी थोडी मागे घेऊन वेटोळे सोडवतात, सिस्टर पोटावर हात दाबून धरते, किंवा तुम्हाला कूस बदलायला सांगतात. कूस बदलली की आतड्याची वळणे जागा बदलतात आणि पुष्कळदा वाट मोकळी होते.

दुसरे कारण बघा. आतडे फुगावे म्हणून आत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी करा. पाणी खाली, हवा वर. आतड्यातही तेच. जो भाग वर येतो तो फुगून नीट दिसतो, खालच्या भागात पाणी साचते. म्हणून उजवीकडचा भाग डाव्या कुशीवर चांगला दिसतो, मधला आडवा भाग उताणे झाल्यावर, आणि डावीकडचा भाग उजव्या कुशीवर.

त्या दिवशी मी मावशींच्या अंगावर दुसरी चादर घातली, हात धरला आणि म्हटले, "मी इथेच आहे. एवढीच जागा उघडी राहील." मावशी उताण्या झाल्या. नळी शेवटपर्यंत गेली. खरे बघणे नळी बाहेर काढताना असते. तेव्हा त्यांना उजव्या कुशीवर वळवले. डावीकडे साचलेले पाणी सरकले आणि त्याखाली शेंगदाण्याएवढी वाढ दिसली. तिला पॉलिप म्हणतात. काही पॉलिपचा पुढे काही वर्षांत कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी तारेचा फास टाकून तो तिथेच काढला आणि तपासायला पाठवला. मावशींना काढल्याचे कळलेही नाही, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना होत नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

पिशवी काढली असेल, सिझेरियन किंवा पोटाचे दुसरे ऑपरेशन झाले असेल, तर आधीच सांगा. पिशवी काढल्यावर आतडे आत चिकटलेले असू शकते. मग नळी सरकायला अवघड जाते आणि कूस जास्त वेळा बदलावी लागते. गुडघा, खांदा, कंबर दुखत असेल तर तेही सांगा. उशीचा आधार देता येतो. गरोदर असाल तर आधी सांगा.

पोट साफ करायचे औषध पूर्ण प्या. संडासला पिवळसर पाण्यासारखे झाले पाहिजे. मळ राहिला, तर कितीही कुशी बदलल्या तरी दिसणार नाही. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा, चिकट होतो. त्या किती दिवस आधी थांबवायच्या, ते विचारा. साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचेही विचारा, मनाने बंद करू नका.

गुंगीचे इंजेक्शन हलके असेल तर सांगितल्यावर तुम्हाला स्वतः वळता येते. गाढ झोप दिली असेल तर आम्ही वळवतो. खोलीत बाईमाणूस हवी असेल तर मोकळेपणाने मागा. दुखले तर दात-ओठ खाऊन गप्प राहू नका, सांगा.

तपासणीनंतर वारा सरतो. लाजू नका, तो सरलाच पाहिजे. घरी न्यायला सोबत कुणीतरी हवे. पोट कडक झाले, खूप दुखले, ताप आला किंवा जास्त रक्त गेले, तर लगेच दवाखान्यात परत या.

मैत्रिणींनो, परसाकडला रक्त पडणे, सवय अचानक बदलणे, उगाच वजन उतरणे, गोळ्या खाऊनही रक्त न वाढणे, यातले काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. मूळव्याध असेल तर तसे कळेल. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, शेजारणीला नको.

जाताना त्या मावशी मला म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मी रडले नसते गं." म्हणून सांगितले. तुम्हीही पुढच्या बैठकीत एकीला तरी सांगा.