न आलेल्या बाईविषयी
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



हळदीकुंकवाला आलेल्या एखादीला आपण सहज म्हणतो, "अगबाई, किती सुटलीस!" म्हणणारी ते उंबरठ्यावरच विसरते, ऐकणारी मात्र पुढच्या वर्षी काही निमित्त सांगून घरी बसते. त्या न आलेल्या बाईविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

उमादेवींचेच पाहा. १९४७ सालच्या 'दर्द' चित्रपटातील त्यांची गाणी लोकांच्या ओठी बसली. १९५० च्या 'बाबुल'पासून त्या टुणटुण म्हणून पडद्यावर आल्या, आणि ते नाव स्थूल मुलींना चिडवण्याचा शब्द होऊन बसले. गळा मागे पडला, देह तेवढा लक्षात राहिला!

"खाते फार, हलत नाही," असा निकाल आपण देऊन टाकतो. परंतु १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचा लठ्ठपणा वा सडसडीतपणा वाढवणाऱ्या आईबापांशी नव्हे, जन्मदात्यांशी जुळला. शिवाय थायरॉईडचा विकार, काही औषधे, अपुरी झोप यांनीही वजन वाढते. दोष केवळ जिभेच्या चोचल्यांचा नव्हे.

बरे, टोचून बोलल्याने वजन उतरते काय? इंग्लंडमधील सुमारे तीन हजार प्रौढांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. वजनावरून हिणवले गेल्याचे सांगणाऱ्यांचे वजन चार वर्षांत सरासरी जवळजवळ एक किलोने वाढले. इतरांचे थोडे उतरले.

खरे नुकसान याहून मोठे आहे. हिणवलेली बाई फिरावयास जाण्यास लाजते. दुखणे कोणतेही असो, "आधी वजन कमी करा" एवढेच ऐकावे लागेल या धास्तीने दवाखाना टाळते, आणि दुखणे अंगावर काढते. स्थूलपणाने मधुमेह, रक्तदाब बळावतात हे खरेच. म्हणूनच तिने वेळेवर डॉक्टरांकडे गेले पाहिजे!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे जवळजवळ दर चौघींत एक. ती परकी नव्हे, आपल्याच घरातील आहे.

तेव्हा मंडळापुरते एवढे करू या. कोणाच्या अंगावर शेरा नको. नाटकात स्थूल बाईला नेहमी हसे करून घेणारेच काम नको. बिनहाताच्या चार ऐसपैस खुर्च्या सभागृहात असोत. आणि कोणी दवाखान्यात जाण्यास कचरत असेल, तर उपदेश न करता तिच्याबरोबर जावे.