हौदा खाली बसला का?

आजचा छोटा एपिसोड वाशिमच्या टिप्परवाल्या दोस्तांसाठी.

ट्रकची उंची साधारण 4 मीटरपर्यंत, महामार्गावरच्या पुलाखाली जागा 5.5 मीटर. मग ट्रक पुलाला धडकतो कसा? हौदा वर राहिला की गणितच बिघडतं. 27 ऑगस्ट 2016ला इंग्लंडमध्ये एम-20 महामार्गावर ट्रकवरचं पोकलेन धडकलं, पादचारी पूल कोसळला, दोन्ही बाजू बंद! आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरचा अमृतांजन पूल तर मुद्दाम पाडायलाही एप्रिल 2020चा लॉकडाऊन गाठावा लागला, रस्ता रिकामा होता म्हणून.

समृद्धीवर असं झालं तर? तिथं कारंजा, शेलूबाजारसारख्या इंटरचेंजलाच उतरता येतं. मधे अडकलेली अँब्युलन्सही रांगेतच.

म्हणून गिट्टी टाकली की आधी आरशात बघा, हौदा पूर्ण खाली बसला का? मगच गाडी काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!