टॉल्स्टॉयशी भांडण, असईच्या मैदानावर



स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व सांगायचं आणि मागच्या रांगांनी शिट्ट्या वाजवायच्या, हा जुना रिवाज. शिट्ट्यांना हरकत नाही. महत्त्व मात्र बाजूला ठेवून आज एका पुस्तकाविषयीच्या तक्रारी ऐकू या. लिओ टॉल्स्टॉय यांची 'वॉर अँड पीस' ही कादंबरी १८६५ पासून एका रशियन मासिकात क्रमशः येऊ लागली आणि १८६९ मध्ये पूर्ण झाली. इंग्रजी भाषांतरात तिची पानं बाराशेच्या आसपास भरतात आणि पात्रं पाचशेच्या वर. कुणी ती आयुष्यात चार-चारदा वाचतो, तर कुणी पन्नासाव्या पानावर खूण घालून ठेवतो आणि ती खूण वर्षानुवर्षं तिथंच राहते.

पहिली तक्रार नावांची. प्योत्र किरिलोविच बेझुखोव, नताल्या इल्यिनिच्ना रोस्तोवा! पण परीक्षेचा अर्ज भरताना इथला प्रत्येक विद्यार्थी काय लिहितो? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रशियन नावाची घडण तीच आहे. आणि घरी हाक मारताना प्योत्रचा पिएर होतो, नताल्याची नताशा होते. ज्या गावात कागदावरच्या ज्ञानेश्वरला सगळे माऊली म्हणतात, तिथल्या वाचकानं याला घाबरायचं कारण नाही.

दुसरी तक्रार लांबीची. तीही मराठी वाचकाच्या तोंडी फारशी शोभत नाही. 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत' या जाडजूड कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या आहेत. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जालना जिल्ह्यात. त्यांच्या दासबोधाचे समास दोनशे, आणि रोज एक समास वाचून ग्रंथ पुरा करणारी घरं आजही आहेत. टॉल्स्टॉयची प्रकरणं ३६१, सरासरी तीन-चार पानांची. तोच नेम धरला तर वर्ष संपायच्या आत कादंबरी हातावेगळी होते.

तिसरी तक्रार मात्र वजनदार आहे, आणि ती करणारेही साधेसुधे नाहीत. कथा रंगात आली, की टॉल्स्टॉय पात्रांना उभं करून इतिहास म्हणजे काय यावर व्याख्यान सुरू करतात. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यांनी १८८० मध्ये रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हना पत्र लिहिलं. पहिले दोन खंड त्यांनी डोक्यावर घेतले आणि तिसऱ्यावर नाक मुरडलं: लेखक तेच तेच सांगतो, तत्त्वज्ञान झाडतो. इंग्रजीतले मोठे कादंबरीकार हेन्री जेम्स यांना असल्या कादंबऱ्या ढगळ, अवाढव्य जनावरांसारख्या वाटल्या. अशी कुरकुर टॉल्स्टॉय यांच्याही कानावर त्याआधीच गेली असावी, कारण १८७३ च्या आवृत्तीत त्यांनी तत्त्वचर्चेचा बराच भाग उचलून शेवटी परिशिष्टात टाकला आणि फ्रेंच संवादांचं रशियन केलं. पुढच्या आवृत्त्यांत ते सगळं परत जागेवर आलं. आणि साने गुरुजींनी मराठीत आणलेल्या 'कला म्हणजे काय?' या ग्रंथात तर टॉल्स्टॉय यांनी दोन छोट्या कथा वगळता स्वतःचं सगळं कथालेखन वाईट कलेत जमा केलं. लेखकच नापास करतोय म्हटल्यावर वाचकानं संकोच कशाला करायचा?

पण ते व्याख्यान नेमकं आहे कशाविषयी? लढाई सेनापती जिंकतो, हे टॉल्स्टॉयना मान्य नाही. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियन हुकूम सोडतो. हुकूम पोचेपर्यंत मैदानावरची परिस्थिती पालटलेली असते, आणि काय घडतंय ते त्याला कळतही नाही. त्याच मैदानात पांढरी टोपी घातलेला पिएर तोफखान्यापाशी गोंधळून हिंडतो. सैनिक आधी वैतागतात, मग हसतात, मग त्याला आपल्यातलाच समजू लागतात. लढाई ही अशी असते, असं लेखकाचं म्हणणं.

हे खरं की खोटं, ते तपासायला जालन्याच्या वाचकाला रशियात जायची गरज नाही. कादंबरी सुरू होते १८०५ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, जिल्ह्यातल्याच असईला, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली लढला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा. वाटाडे म्हणाले, केळणा नदीला उतार नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. तेव्हा मधे उतार असणारच, असं ताडून त्यानं फौज पलीकडे नेली. हा झाला सेनापतीच्या बाजूचा पुरावा.

आता दुसरी बाजू. असई गावापासून लांब राहा, असा हुकूम असताना ऑरॉक नावाचा अधिकारी आपली तुकडी घेऊन थेट गावावरच चालून गेला. मागोमाग ७४ वी पलटण ओढली गेली. गावातल्या मराठी तोफांनी आणि घोडदळानं त्या पलटणीची दाणादाण उडवली. दिवसाअखेर इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक झाले. विजय वेलस्लीच्या नावावर लागला. ऑरॉकची चूक कुणाच्या हुकुमात होती? टॉल्स्टॉयना हा प्रसंग ठाऊक असता, तर त्यांनी आणखी एक प्रकरण वाढवलं असतं आणि फ्लोबेर आणखी चिडले असते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, ती तत्त्वज्ञानाची पानं गाळून पुढं गेलात तरी कुणी गुण कापणार नाही. कंटाळा आला तर तो कुठल्या पानावर आला आणि का, एवढं समासात पेन्सिलीनं लिहा. पुस्तक स्वतःचं असेल तरच, नाहीतर ग्रंथपाल दंड करतील. आणि पुढच्या वर्षी वादविवाद स्पर्धेला हाच विषय ठेवा: लढाई सेनापती जिंकतो की नाही? अनुकूल बाजूनं वेलस्लीचा उतार मांडावा, प्रतिकूल बाजूनं ऑरॉकची चूक. परीक्षकांना मात्र आधी असईला फिरवून आणा. प्राचार्यांनी गाडीची सोय तेवढी करावी.

बक्षिसं टेबलावर मांडून झाली आहेत आणि नृत्याचा संघ पडद्यामागे ताटकळलाय.