दहावी झाली, आता पुढं?

भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली. तिला समजायला जरा वेळ लागतो. दहावी झाल्यावर ताई म्हणाल्या, "आता घरीच ठेवायची." मला राहवलं नाही. गटाच्या बैठकीत कोण आलं, कोण नाही, हे आम्ही तिलाच विचारतो. अशा पोरीला नुसतं बसवून ठेवायचं?

आधी कागद बघा. लहानपणीच्या दिव्यांग प्रमाणपत्राला मुदत असेल तर नवीन करून घ्या. यूडीआयडी कार्ड, बँकेत तिच्या नावाचं खातं, मतदार यादीत नाव. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव आहेत.

आणखी एक, जे मलाही उशिरा कळलं. अठरानंतर आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल आणि गरज असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण प्रत्येकाला त्याची गरज नसते, हेही खरं.

कागदापेक्षा अवघड असतं ते आईनं हात सोडणं. आम्ही ताईंना म्हटलं, एकच काम पूर्ण तिच्यावर टाका. कुठलं, ते तिलाच विचारा. ती म्हणाली, "गिरणी."

गेल्या सोमवारी ती एकटी गेली. दळण आणलं, सुटे पैसेही बरोबर आणले. ताई तेवढा वेळ ओट्यावर उभ्याच होत्या.