लग्नात दारू किती, कोणाची, कोण वाढणार?

(पाड्यावरच्या बैठकीत झालेलं बोलणं)

बायांनो, भावांनो,

होळी झाली, आता लग्नं निघतील. म्हणून आज जमिनीच्या बैठकीत आम्ही दारूचं काढलंय. कोणी म्हणेल, याचा प्लॉटशी काय संबंध? संबंध आहे.

म्हाताऱ्यांना विचारा. लग्नापुरते पैसे, भात सावकाराकडून घ्यायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली लाल बावट्याखाली उठले, तेव्हा ही वेठ मोडली. आता तीच दुसऱ्या वाटेनं येते. नवसागराच्या दारूचे कॅन उधारीवर येतात. ती उधारी फेडायला पोरगा नि नवी सून वीटभट्टीची उचल घेतात. दोघं भट्टीवर गेली की प्लॉटकडे बघायला कोणी नाही. मग जंगलखातं विचारतं, कसतोय कोण?

गेल्या साली आमच्याच पाड्यावर वऱ्हाडात मारामारी झाली. प्यायलेले आम्हीच होतो, खोटं कशाला बोलू? पोलिसांनी चौघांची नावं लिहिली. जामिनाच्या खर्चात बैल गेला. प्लॉटच्या तारखेला चौघांतला एकही हजर नव्हता.

देवाची दारू बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. देवाला, धवलेरीला मानाची द्यायचीच. बाकी आम्ही असं ठरवलंय:

१. मानाची दारू, ताडी घरची. उधारीचा कॅन मांडवात नाही.

२. मडकं एका जागी. दोन जाणत्या बाया वाढतील, पोरांच्या हातात द्यायचं नाही.

३. आधी जेवण, मग द्रोण. नाच रंगला की मडकं झाकायचं.

४. टेम्पोच्या ड्रायव्हरला थेंब नाही.

५. ज्याला जास्त झाली त्याला मारायचं नाही, हसायचं नाही. पाणी पाजून ओटीवर झोपवायचं. त्याच्या गावचा एक माणूस जवळ बसेल.

हे सोयऱ्यांना तारीख धरतानाच सांगायचं. मांडवात सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो, भांडण तिथंच पेटतं.

सोयरे नावं ठेवतील? ठेवू देत. उधारी ते फेडणार नाहीत, फेडायची आपल्याला आहे.

पहिलं लग्न आमच्याच घरचं आहे. सगळे या. आम्ही चुकलो तर तिथंच सांगा.

जिंदाबाद!