नव्या बँकेचे सभासदत्व

(पंचायत समिती सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकजण गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सभासद असाल. सोसायटीचा भाग घ्यायचा तो वेळेला कर्ज मिळावे म्हणून. पण भाग घेतला की सर्वसाधारण सभेत हात वर करण्याचा अधिकारही पदरात पडतो. एक भाग असो वा शंभर, मत एकच. राष्ट्राराष्ट्रांच्या बँका बहुधा या न्यायाने चालत नाहीत. तेथे ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत भारताने सामील व्हावयास हवे होते काय, या आजच्या प्रश्नाची बरीचशी गुंतागुंत या एका फरकात आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे जागतिक बँकेचा पाया घातला गेला. देश तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही भारताचे शिष्टमंडळ तेथे गेले आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. भारत संस्थापक सभासद झाला. १९४९ साली रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचे पहिले कर्ज आपणांस मिळाले. लाभ झाला यात शंका नाही. पण घर दुसऱ्याचे होते. बँकेचा अध्यक्ष अमेरिकेच्या पसंतीचा असावा, असा पायंडा पडला तो आजतागायत चालू आहे. नाणेनिधीतील मतांच्या फेरवाटणीचा २०१० साली झालेला निर्णय अमेरिकी काँग्रेसच्या संमतीअभावी डिसेंबर २०१५ पर्यंत अडून राहिला. उगवत्या राष्ट्रांना स्वतःची बँक काढावीशी वाटली, यात नवल ते काय?

ऑक्टोबर २०१३ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी या बँकेची कल्पना मांडली. २४ ऑक्टोबर २०१४ रोजी बीजिंग येथे आशियाई देशांनी प्राथमिक करारावर सह्या केल्या, त्यांत भारत होता. अमेरिका आणि जपान दूर राहिले. मित्रराष्ट्रांनीही दूर राहावे अशी अमेरिकेची इच्छा होती. परंतु मार्च २०१५ मध्ये ब्रिटनने सभासद होण्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ जर्मनी, फ्रान्स व इटली आले. आधीच्या ऑक्टोबरात सही न करणारा ऑस्ट्रेलियाही महिनाअखेरीस आला. संस्थापक सभासदांची संख्या ५७ वर गेली. जानेवारी २०१६ मध्ये बँकेचे काम सुरू झाले.

आता हिशेब पाहू. बँकेचे अधिकृत भांडवल १०,००० कोटी डॉलर. त्यात चीनचा वाटा सुमारे २,९७८ कोटी आणि भारताचा सुमारे ८३७ कोटी डॉलर. म्हणजे दुसरा क्रमांक आपला. प्रत्यक्ष भरावयाचा हिस्सा एकपंचमांश, तोही हप्त्याने. मतांच्या भाषेत चीनकडे शेकडा २६ च्या वर, आपणांकडे ७ ते ८. भांडवल वाढवणे, अध्यक्ष निवडणे अशा मोठ्या निर्णयांना तीनचतुर्थांश मते लागतात. अर्थात ते निर्णय चीन एकटा रोखू शकतो. नेहमीची कर्जे मात्र साध्या बहुमताने मंजूर होतात. विरोधकांच्या भाषणांत हा भेद सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

विरोधकांचा खरा आक्षेप सीमेचा आहे, आणि तो हलका नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी करोनाकाळातील साहाय्य म्हणून याच बँकेशी ७५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या वाचताना माझ्याही मनात कालवाकालव झाली, हे लपवीत नाही. परंतु विचार करता वाटले की, हे कर्ज चीनच्या तिजोरीतले नव्हते. ते शंभरावर देशांच्या सामाईक संस्थेचे होते आणि त्या संस्थेत आपलेही भाग आहेत. उलट, आपण सभासद नसलेल्या बँकेत आपली बाजू कोणी मांडली असती? २००९ साली आशियाई विकास बँकेत अरुणाचल प्रदेशातील कामाच्या समावेशावरून भारताच्या आराखड्याला चीनने हरकत घेतली. त्या बँकेत जपानचे वजन मोठे, चीनचे बेताचेच. तेव्हा हरकत कोठेही घेता येते. तिला उत्तर देण्यासाठी खुर्ची मात्र आत असावी लागते.

सभासद होणे म्हणजे चीनच्या प्रत्येक योजनेला मान डोलावणे नव्हे. बेल्ट अँड रोड योजनेच्या मे २०१७ च्या परिषदेस भारत गेला नाही. बँकेत मात्र राहिला आणि सर्वांत मोठा कर्जदार झाला. कॅनडाचे उदाहरण उलट दिशेचे. २०२३ साली बँकेच्या कॅनेडियन प्रसिद्धिप्रमुखांनी साम्यवादी पक्षाच्या वर्चस्वाचा आरोप करून राजीनामा दिला. बँकेने आरोप नाकारला, तरी कॅनडा सरकारने आपला सहभाग स्थगित केला. कॅनडाला ते परवडते. त्याला रेल्वेसाठी या बँकेचे कर्ज काढावयाचे नाही.

ब्रिक्स राष्ट्रांच्या नव विकास बँकेत पाच संस्थापकांचे भाग समान आहेत, म्हणजे आपल्या सोसायटीच्या जवळची रीत. तिचे पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत होते. पण तिचे भांडवल लहान. माझ्या मते दोन्हींत असणे योग्यच.

आता आपल्या दाराशी येतो. जून २०१८ मध्ये आशियाई पायाभूत बँकेची वार्षिक सभा मुंबईत भरली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. विरार-डहाणू चौपदरीकरण आणि पनवेल-कर्जत मार्ग या टप्प्यातलेच. मागच्या वर्गात एका सदस्यांनी विचारले होते, “कर्ज दिल्लीने घेतले, मग आमचा काय संबंध?” संबंध आहे. २००५ पासून सर्वसाधारण गटातील राज्यांना परकीय कर्ज मूळ अटींवरच पुढे दिले जाते. रुपया घसरला तर भार राज्यावर. २०१६ साली डॉलर सुमारे ६७ रुपयांना होता, २०२४ अखेरीस तो ८५ च्या पुढे गेला. डॉलरमधील व्याज कमी दिसले तरी हा फरक त्यात मिळवावा लागतो. शिवाय मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर बँक आकार घेते. भूसंपादनाची मोजणी, हरकतींची सुनावणी, मोबदल्याचे वाटप लांबले की हा आकार चालूच राहतो. या कामांची कागदपत्रे आपल्याच तालुक्यांच्या कचेऱ्यांतून जातात.