कुरट्याचा खडक

सिंधुदुर्गाची कथा मालवणच्या सभागृहात सांगणे म्हणजे मामाच्या घरी आजोळची ओळख करून देणे. 1664 च्या नोव्हेंबरातली पायाभरणी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, शिवराजेश्वराचे देऊळ हे सगळे तुम्हाला पाठ आहे, ते सोडतो. माझे म्हणणे एवढेच, की या किल्ल्याचा पहिला तट महाराजांच्याही आधीचा आहे. तो पाण्याखाली आहे आणि आजही जिवंत आहे. मालवणच्या बंदरात शिरताना ज्या बुडत्या खडकांतून तांडेल होडी वळवत नेतो, त्याच खडकांनी परक्या गलबतांना दूर ठेवले आणि त्यांच्यावरच आज प्रवाळ वाढते. प्रवाळाच्या अळीला बूड टेकायला कठीण जागा लागते. गाळावर ती रुजत नाही. पावसाळ्यात खाड्या गढूळ पाणी ओततात, तरी पोराइट्ससारखी चिवट जात इथे तग धरून आहे, ती या खडकाच्या आधारावर.

कोणी म्हणेल, किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडले ते जंजिऱ्याच्या सिद्दीला आणि परक्या आरमारांना आवर घालण्यासाठी. त्यात प्रवाळाचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. पण जलदुर्ग का हवा, एवढेच त्यातून कळते. तो कुरट्यावरच का, हे कळत नाही. प्रवाळ पाहून जागा ठरवली असे मी म्हणत नाही (तसे छापून आले तर उद्या बाजारात मासळी मिळायची नाही). महाराजांनी आणि प्रवाळाने खडकाच्या एकाच गुणाचा फायदा घेतला, एवढेच म्हणतो. खडक असूनही 1765 त इंग्रजांनी किल्ला घेतलाच, असे मागच्या रांगेतून ऐकू आले. घेतला, आणि फोर्ट ऑगस्टस असे नावही ठेवले! ते नाव किती टिकले, हे या सभागृहात कोणी सांगायला नको. बिनतोड तट जगात कुठेच नसतो. दरवाजाचेच पाहा: बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तरी किल्ला पडलाच. राहू दे, वेळेची चिठ्ठी आली आहे.

तर आता मालवणचे 1987 चे सागरी अभयारण्य. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18, आणि गाभ्यात काय, तर सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतीचे बुडते खडक. म्हणजे सरकारी नकाशानेही माझीच बाजू घेतली आहे. तरीही तट पुरातत्त्व खात्याकडे, पाणी वन खात्याकडे. रापणकर मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध आहे. आपल्याच समुद्रात आपण चोर ठरू, ही त्यांची भीती खोटी नाही. पण प्रवाळावर नांगर टाकणारी आणि पर्यटकांना त्यावर उभे करणारी होडी वेगळी, रापण वेगळी. नियम करताना हा फरक पाहिला, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. वेळ संपली म्हणतात. ओहोटीला पद्मगडापर्यंत चालत जा आणि खडकाला चिकटलेली कालवे पाहा. ओहोटी किती वाजता, ते मात्र मला विचारू नका. दांडीच्या किनाऱ्यावर कोणीही सांगेल.